वापरात नसलेले कप

यंदा ताईंच्या वाढदिवसाची भेट दुकानातून आणायची नाही, घरी आपल्या हातांनी करायची, असं मी एका रविवारी चहा पिताना जाहीर केलं. (मी जाहीर केलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं हे बायकोला पाठ आहे. तिने माझा कप उचलून नेला. त्यात अजून चहा होता.)

ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. बायकोची एकुलती एक बहीण. वर्षभर त्या बायकोशी मोजून मापून बोलत होत्या, आणि दोष माझा होता. गेल्या वर्षी त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. आमच्या कपाटात खोक्यासकट पडलं होतं, कोरं करकरीत. खोक्यात एक चिठ्ठीही होती, ती मी पाहिली नव्हती. 'नव्या घरासाठी, ताईकडून.' ताईंनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, नीट घडी घालून ठेवली आणि घड्याळ बरोबर सोफ्यासमोर लावलं. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. फोनवर 'बरं आहे ना?' आणि 'बरं आहे', एवढंच.

"या वेळी काही घोळ घातलात ना," बायको म्हणाली, "तर मला बहीण उरणार नाही."

ती चिडून बोलली असती तर मी विसरलो असतो. ती शांतपणे बोलली, म्हणून मी घाबरलो.

मेणबत्त्या करायच्या ठरल्या. मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक बाई पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात मेण वितळवते, सुंदर कपात ओतते, वात सोडते आणि हसते. चार मिनिटांत कारभार आटोपतो. मी दोन तास धरून चाललो होतो, म्हणजे पुरेसा सावध होतो.

शनिवारी बायको कामावर गेल्यावर मी बाह्या सरसावल्या. कप कुठले घेऊ, हे तिला फोन करून विचारलं. (यातून मी किती जबाबदार आहे ते दिसावं.)

"वापरात नसलेले कुठलेही घ्या," ती घाईत म्हणाली, "आणि माझ्या दुधाच्या पातेल्याला हात लावू नका."

आता इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी एका मोठ्या कार्यालयाच्या भांडार विभागात कारकून आहे. आमच्याकडे नियम असा, की ज्या वस्तूला तीन वर्षं कुणी हात लावला नाही, ती निकामी समजून मोडीत काढायची. बावीस वर्षं मी हेच करतोय. त्यामुळे खालच्या फळीवरचे कान तुटलेले, टवके उडालेले कप मी पाहिले आणि सोडून दिले, कारण त्यांतून आम्ही रोज चहा पितो. सगळ्यात वरच्या फळीवर मात्र, कागदात गुंडाळलेले सहा कप सापडले. निळी रेघ, सोनेरी पान. कागदावर धूळ बोटभर. लग्न झाल्यापासून त्यांना कुणी हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. नियमात चोख बसत होते.

मेणही घरातच मिळालं. पुस्तकांच्या कपाटात तळाशी रंगीत, जाड मेणबत्त्यांचं न उघडलेलं खोकं होतं. तेही नियमात बसलं. वातीसाठी ऑफिसातून फायली बांधायचा दोरा आणला होता. सुवास म्हणून काय घालावं कळेना, तेव्हा डोकेदुखीच्या बामाची अर्धी बाटली घातली.

सहा रंगांचं मेण एकत्र वितळलं की कुठला रंग होतो, हे त्या बाईने सांगितलं नव्हतं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा होतो. पातेलं अर्थातच दुधाचं होतं, दुसरं कुठलं मापात बसेना. उरलेलं मेण मी गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडून दिलं. थोड्या वेळाने सिंकने ते पाणी परत पाठवलं.

प्लंबर आला. त्याने खालचा पाइप काढला, दोनदा आपटला, आणि आतून हातभर लांबीची, सरळ, गुळगुळीत, अप्रतिम मेणबत्ती बाहेर आली. त्याने ती उजेडात फिरवून पाहिली.

"साहेब, ही झकास झालीय," तो म्हणाला. "वात घालायची तेवढी राहिली." मग त्याने ओट्यावरच्या माझ्या सहा मेणबत्त्यांकडे पाहिलं आणि पाइप परत बसवायला घेतला.

बायको येईपर्यंत मी सहाही कप कागदात बांधून, वर फीत लावून तयार ठेवले होते. तिने बामाचा वास घेतला, पातेलं पाहिलं, सिंक पाहिलं.

"कप कुठले घेतलेत?"

"तू सांगितलेस तेच. वापरात नसलेले."

तिने गाठोड्यावरची फीत सारखी केली. मग म्हणाली, "असू दे. हाताने केलंत ना, ताईला बरं वाटेल." लग्नाच्या बावीस वर्षांत माझ्या एखाद्या कामाबद्दल ती इतकं चांगलं बोलली नव्हती. मला खरंच भरून आलं.

रविवारी संध्याकाळी ताईंकडे आठ-दहा पाहुणे होते. मी मुद्दाम सोफ्यावर बसलो नाही, कारण समोर घड्याळ होतं. ताईंनी फीत सोडली, कागद काढला आणि एक कप उचलला. उलटा केला. बुडाखाली पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. बायकोने कपाकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"हे मी तुला लग्नात दिलेले," ताई म्हणाल्या.

खोलीत फक्त घड्याळाचा आवाज येत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मी घसा साफ केला आणि सगळ्यांना तीन वर्षांचा नियम समजावून सांगितला. कुणी ऐकत नव्हतं.

"बावीस वर्षांत एकदाही वापरले नाहीस?" ताईंनी बहिणीला विचारलं.

"फुटतील म्हणून जीव होत नव्हता गं." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू दिलेले होते. म्हटलं, कुणी खास आलं की काढीन. म्हणजे तू आलीस की. पण दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला काढू. आणि मग वर्षभर तू आलीच नाहीस."

ताईंनी कप खाली ठेवला आणि तिला जवळ ओढलं. दोघी आधी रडल्या, मग हसायला लागल्या, आणि हसता हसता दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"मेण कुठलं हो?" ताईंनी विचारलं.

"कपाटात एक खोकं होतं. रंगीत मेणबत्त्यांचं."

"सहलीहून मीच आणलं होतं. मग यात तुमचं काय आहे?"

"दोरा," मी म्हणालो. खरं तर तोही ऑफिसचा होता.

साडूंनी काडी ओढून एक मेणबत्ती लावायचा प्रयत्न केला. दोरा पेटला नाही, नुसता धुमसत राहिला. आमच्या ऑफिसातल्या फायलीही तशाच धुमसतात. बामाने मात्र साडूंचं सकाळपासून दुखणारं डोकं उतरलं, आणि त्या दिवशी माझ्याबद्दल चांगलं बोलणारे ते एकटेच होते.

पुढचा आठवडा मी चमच्याने सहा कपांतलं मेण खरवडण्यात घालवला. आता ताई दर रविवारी येतात आणि दोघी बहिणी त्याच कपांतून चहा पितात. चहाला बामाचा वास येतो, पण त्यांची तक्रार नाही. मला कान तुटलेला कप मिळतो.

परवा मी सोफ्यावर पेपर वाचत पडलो होतो. ताईंनी चहाचा घोट घेतला आणि मला नीट निरखलं.

"काय गं," त्या बहिणीला म्हणाल्या, "तो तीन वर्षांचा नियम यांना नाही का लागू होत? ज्यांनी दिलं त्यांना परत देऊन टाक की."

"सासूबाईंना विचारून झालंय," बायको म्हणाली. "नको म्हणाल्या."