लिंबाखालचं लाल चित्र

ऑनलाइन धंदा मला कोणी शिकवायचा नाही! असं मी, जळगावची रूपल, घरात उठता-बसता ऐकवायचे. नरडाण्याच्या कारखान्यातून फरशी धुवायचं ॲसिड आणायचं, बाटलीवर आपलं लेबल लावायचं आणि विकायचं. सोपं काम!

वेबसाइटने पहिल्याच दिवशी माल अडवला. धोक्याचं चिन्ह लेबलवर दिसलंच पाहिजे म्हणे! मग मी लाल चौकटीचं लेबल छापलं. त्यावरच्या चित्रात नळीतून थेंब पडतोय, खाली हात आणि लादी झिजतेय. शेजारी मोठ्या अक्षरांत 'जंतुनाशक'.

ते पाहून आमच्या दादीसा, म्हणजे माझ्या आजेसासू हीराबाई, हादरल्याच.

"बेटा, जैनाच्या घरातून जीव मारायचं पाणी विकायचं? पाप लागेल!"

माझं डोकं चाललं. वेबसाइटवर लाल लेबलाचा फोटो ठेवला आणि प्रत्येक बाटलीवर त्या लेबलावरच लिंबाचं हिरवं स्टिकर चिकटवलं: 'पूर्ण अहिंसक, हाताला सौम्य'! नियमही खूश, दादीसाही खूश.

दादीसा जरा जास्तच खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी जैन स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहात, महासतीजी म्हणजे साध्वी येणार होत्या. म्हणून सकाळीच एक बाटली घेऊन त्या तिथे गेल्या आणि संगमरवरी पायरीवर अख्खी ओतून हाताने घासू लागल्या. पायरी फसफसली! बायका खोकत बाहेर पळाल्या. मी पोचले तेव्हा दादीसा नळाखाली हात धरून उभ्या होत्या. बोटं लालबुंद झाली होती.

ट्रस्टी केवलचंदकाका तापले होते. "हीराबाई, बाटलीवरचं वाचायचं तरी!"

"माझंच चुकलं. चष्मा नव्हता."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता! मला वाचवायला म्हाताऱ्या माणसाने खोटं बोलावं? लाजेने माझी मान वर होईना.

"काका, त्यांनी वाचलं होतं. खोटं मी लिहिलं होतं," असं म्हणून मी सगळ्यांसमोर नखाने लिंबू खरवडलं. खालची लाल चौकट निघाली.

दादीसांनी ते चित्र पाहिलं आणि विचारलं,

"आणखी कितीजणांना विकलंस?"

"एकोणीस."

"मग इथे रडत बसू नकोस. फोन लाव!"

पहिला फोन पहूरच्या कमलबाईंना लावला.

"ताई, ती बाटली वापरू नका!"

"अहो, का? लिंबाचं आहे ना! देवघराच्या संगमरवराला आत्ताच लावलंय. किती छान फेस येतोय!"

त्याचं फसफसणं मला फोनवरही ऐकू येत होतं.