एक्केचाळीस निबंधांची अँटिबॉडी

स्नायूच्या पेशीचं आवरण फाटलं की ते सांधणारं एक प्रथिन असतं. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नेमकी त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी विकत घ्यायची. ती चिकटली की हिरवी चमकते. या चमकेवर मी सहा वर्षं काढली. सोमवारी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती, आणि आईने मला डॉक्टर म्हणायला आधीच सुरुवात केली होती.

शुक्रवारी माझ्या हातून एक प्रामाणिक काम घडलं. अर्थात चुकून. डिशवरची चिठ्ठी न वाचता मी पेशींची भलतीच डिश त्या अँटिबॉडीने रंगवली. त्या पेशींमधून ते प्रथिन मुद्दाम काढून टाकलेलं होतं. तिथे काळोख दिसायला हवा होता, पण डिश अशी लखलखली की विचारू नका.

"सर, प्रथिन नाही तिथेही चमकतंय."

माझ्या मार्गदर्शक सरांनी चष्मा पुसला. "म्हणजे एकतर अँटिबॉडी खोटी, नाहीतर पेशी. अँटिबॉडीच्या बाजूने एक्केचाळीस शोधनिबंध आहेत. पेशींच्या बाजूने?"

"एकही नाही."

"मग झालं तर!"

पेशी सदोष असल्याचा अर्ज मी तीन प्रतींत भरला आणि त्या पेशी ब्लीचमध्ये ओतल्या. तरी अँटिबॉडी विकणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"या अँटिबॉडीची खात्री कुणी केली हो?"

"प्रमाणपत्र आहे ना, साहेब! एका निबंधाच्या आधारे दिलंय," पलीकडची बाई म्हणाली आणि तिने नाव वाचलं. निबंध माझाच होता, पहिलावहिला. मी तो उघडला. त्यात मी ठणकावून लिहिलं होतं, 'अचूकतेसाठी कंपनीचे प्रमाणपत्र पाहावे.' पायाखालची वाळू सरकली. खोटं कशाला बोलू, छातीही थोडी फुगली.

सोमवारी परीक्षकांनी विचारलं, "प्रथिन नसलेल्या पेशींवर तपासलंत का?"

"हो, तपासलं."

काय दिसलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचे दोन विद्यार्थी याच अँटिबॉडीच्या बाटलीच्या जोरावर डॉक्टर झाले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही झालो.

घरी आईने जवळ घेतलं, मग हळूच म्हणाली, "शेजारच्या काकूंच्या मुलीला तो स्नायूंचा आजार आहे ना, तिला तुझ्या शोधाचा उपयोग होईल असं मी सांगून बसलेय. खरं आहे ना रे ते?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तोंडातून निघालं, "आई, एक्केचाळीस शोधनिबंध आहेत."

"मग असणारच!" ती निर्धास्त झाली.

काल मी ते मोजले. सात निघाले. पाच माझे, दोन परीक्षकांच्या विद्यार्थ्यांचे. पण आईला हसू नका. सर एक्केचाळीस म्हणाले, तेव्हा तुम्ही तरी कुठे मोजायला उठला होतात?