पुरवठादाराला परत

"आठ हजार खोकी सांभाळते मी, आठ हजार! सहा किलोच्या एका माणसाचं दूध मला जड आहे होय?"

असं म्हणून गोदामबाईनं फ्रीजच्या दारावर तक्ता चिकटवला आणि दोन पावलं मागं सरकून त्याच्याकडं असं पाहिलं, जणू दूध निघालंच आहे, आता फक्त सही राहिली आहे.

घरात तिला सगळे गोदामबाईच म्हणत. पंखे बनवणाऱ्या कंपनीचं अख्खं गोदाम तिच्या ताब्यात होतं. तिच्या गोदामात उंदीरसुद्धा रांगेनं चालतात, असं कामगार म्हणायचे. साडेचार महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला. त्याला घरात म्हणत साहेब, कारण वागणूकच तशी! हाक मारायची, माणसं पळवायची आणि काम झालं की ओळख न दाखवता झोपून जायचं.

आता पुढच्या सोमवारी तिची रजा संपत होती आणि त्याच सोमवारी गोदामाची वर्षाची मोजणी सुरू होत होती. तीन दिवसांची. ती नसली, तर मोजणी उपव्यवस्थापक करणार होता. आणि त्याचा डोळा तिच्या खुर्चीला असा चिकटला होता, की खुर्ची पुसताना तो आधी सोडवून बाजूला ठेवावा लागे! इकडं साहेब डब्यातलं दूध पीत नव्हते. एकदा पाजून पाहिलं होतं. त्यांनी ते तोंडात नीट साठवलं आणि बापाच्या चष्म्यावर उडवलं.

म्हणून हा तक्ता: स्वतःचं दूध पंपानं काढून पिशव्यांत गोठवून ठेवायचं. दिवसाला चार पिशव्या, तीन दिवसांच्या बारा. हातात रात्री आठ. दिवसभर साहेब दुकानात शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून काम रात्री अडीचला, ते झोपलेले असताना. रात्रीला दीड पिशवी.

"अर्धी पिशवी कशी असते गं?" सासूबाईंनी विचारलं. सासूबाई तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. अजूनही त्या तीन मिनिटांच्या वर कुणाशी सलग बोलत नसत.

"सरासरी आहे ती, आई!"

"सरासरीनं दूध आलेलं मी तरी बघितलं नाही बाई. बरं, ठेवते." आणि त्या आत गेल्या.

पहिल्या रात्री अडीचला गजर झाला. गोदामबाई उठली, पंप लावला, बटण दाबलं. घर्र-फुस्स, घर्र-फुस्स! पंपाचा आवाज असा, जणू एखादा दमेकरी जिना चढतोय. वीस मिनिटं ती डोळे मिटून बसली. काय ती शांती! काय तो प्रवाह! आपण किती कार्यक्षम आहोत, या विचारानं तिला भरून आलं. मग मांडीवरही भरून आलं. मग चादरीवर.

बाटली लावायची राहिली होती.

"पाऊस आला का गं?" नवरा झोपेतच कुशीवर वळत म्हणाला.

तक्त्यावर पहिल्या रात्रीपुढं तिनं शून्य लिहिलं आणि बाजूला कंसात 'चाचणी' असं लिहिलं.

दुसऱ्या रात्री बाटली आधी लावली. पण घर्र-फुस्स सुरू झालं आणि साहेबांनी डोळे उघडले. काळोखात त्यांनी कान टवकारले. आपल्या खाणावळीत दुसरं गिऱ्हाईक बसलंय, हे त्यांना कळलं आणि त्यांनी अशी बोंब ठोकली, की खालच्या मजल्यावर दिवा लागला!

आता आली पंचाईत. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला पंप. साहेबांना एक हात, पंपाला एक हात आणि बाटलीला एक हात. गोदामबाईनं हात मोजले. एक कमी भरत होता.

"अरे ऊठ! बाटली धर."

नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर लोकांना मधल्या मजल्यांवरून सोडवून आणायचा, त्यामुळं रात्री कुणी 'ऊठ' म्हटलं की तो आधी उठायचा आणि मग जागा व्हायचा. मधे बराच वेळ जायचा. त्या वेळात तो भिंतीला टेकून, बाटली दोन्ही हातांत धरून, अगदी समईसारखा ताठ बसला.

वीस मिनिटांनी तिनं दिवा लावला.

"अरे देवा! कुठं गेलं सगळं?"

"मी धरली होती ना बाटली!"

"धरली होतीस. पण आडवी!"

"मग तू उभी धर असं सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता हो! गरीब माणूस. लिफ्टच्या धंद्यात सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवलं तर माणूस तिसऱ्या मजल्याच्या ऐवजी थेट वर जातो, हे त्याला पंधरा वर्षांत पटलेलं.

गोदामबाईलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना फ्रीजसमोर उभं करून नियम सांगितले.

"लेबल नाही, तो माल नाही. लेबल वाचल्याशिवाय फ्रीजरला हात लावायचा नाही. आणि लेबलावर जे असेल तेच करायचं. माझ्याकडं विचारायला यायचं नाही, मी झोपलेली असेन. दर शनिवारी सकाळी फ्रीजरची तपासणी. ती तू करायचीस."

"मी?" नवऱ्याची छाती फुगली.

"आणि आपलं डोकं लावायचं नाही."

"अजिबात नाही!"

आणि खरं सांगायचं तर गाडी रुळावर आली. तिसऱ्या रात्री एक पिशवी, चौथ्या रात्री दोन, पाचव्या रात्री दोन, सहाव्या रात्री दोन! पलंगाच्या पायाला सुतळीनं मार्कर बांधलेला होता. दूध काढायचं, पिशवीत ओतायचं, तोंड बंद करायचं, लेबल लिहायचं, फ्रीजरमध्ये आडवं ठेवायचं आणि साहेबांची हाक यायच्या आत पांघरुणात शिरायचं. सहाव्या रात्रीपर्यंत ती हे सगळं झोपेतच करायला लागली होती. शुक्रवारी संध्याकाळी उपव्यवस्थापकाचा फोन आला, "मॅडम, तुम्हाला जमणार नसेल तर मी आहेच," तेव्हा ती इतकं गोड हसली, की पलीकडं तो घाबरला.

शनिवारी सकाळी सहाला तिला कुणीतरी हलवलं. नवरा पलंगाशेजारी उभा होता. अंघोळ केलेला, भांग पाडलेला. हातात दोन गोठलेल्या पिशव्या.

"हे घे," तो अदबीनं म्हणाला. "हे तुझं."

"काय?"

"पुरवठादाराला परत. असं लिहिलंय."

गोदामबाईनं एक डोळा उघडला. पिशवीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'पुरवठादाराला परत.' खाली सही. अक्षर तिचं. सहीही तिचीच.

"मी दहा मिनिटं विचार करत होतो, पुरवठादार कोण," नवरा म्हणाला. "मग म्हटलं, तूच की!"

गोदामबाईनं दुसरा डोळा उघडला. बारा वर्षं ती रोज खोक्यांवर जे शेरे मारायची, ते तिच्या हातात मुरले होते. डोकं झोपलं होतं, हात मात्र कामावर गेला होता!

"आणि... बाकीच्या कुठायत?" तिचा आवाज खोल विहिरीतून आला.

"एकीवर 'पंखा उलटा ठेवू नये' असं होतं. ती मी सुलटी ठेवली."

"आणि चार?"

"त्या 'बाद माल, नष्ट करावा' होत्या," नवरा अभिमानानं म्हणाला. "केल्या. बर्फाच्या लाद्या झाल्या होत्या गं, फुटेनात! शेवटी गरम पाणी ओतून, चमच्यानं ढोसून ढोसून मोरीतून घालवल्या. पाऊण तास लागला. पण एक थेंब ठेवला नाही!"

पुढची पाच मिनिटं घरात काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली, एवढं पुरे.

"दूध कधी बाद असतं का रे? डोकं आहे का तुला?"

"डोकं लावायचं नाही, असं तूच म्हणालीस!"

"अरे, पण विचारायचंस तरी!"

"विचारायला यायचं नाही, हेही तूच म्हणालीस! हे बघ, लेबलं जपून ठेवलीत मी. चारही. तुझी सही आहे."

गोदामात एखाद्या कामगारानं असंच केलं असतं, तर तिनं त्याचं कौतुक करून त्याला बढती दिली असती. ती पलंगावर बसली आणि रडायला लागली. चार पिशव्या म्हणजे दोन अख्ख्या रात्री! त्यांच्यासाठी ती किती वेळा उठली होती, मानेत लचक भरली होती, आणि ते सगळं मोरीतून वाहून गेलं होतं, तिच्याच सहीनं. साहेबही रडायला लागले. नवऱ्यानं थोडा वेळ दोघांकडं पाहिलं आणि तोही लागला.

"कोण कोण आहे लाइनवर?" म्हणत सासूबाई आत आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तीन पिशव्या शिल्लक, नऊ कमी, दोन दिवस हातात.

त्या दिवशी गोदामबाई दर दोन तासांनी पंप लावून बसली. डोळे बाटलीवरच्या रेघांवर. दहा... बारा... बारा... अजून बाराच! जितकं ती बघे, तितकं ते येईना. आता ते थेंब होते, तेही सरकारी, एकेक सुट्टी घेऊन येणारे. दुपारी तिनं पंपाचा वेग वाढवला, तेव्हा तिचं तोंड असं झालं, की नवऱ्यानं धावत येऊन प्लग काढला.

"ओव्हरलोड आहे," तो म्हणाला. "लिफ्टही असंच करते. दाबत बसलं की जास्तच अडकते."

"लिफ्ट म्हणू नकोस मला!"

संध्याकाळी सासूबाई आल्या. हातात साहेबांचा निळा पायमोजा. तो त्यांनी बाटलीवर चढवला. रेघा झाकल्या गेल्या.

"आई, मला दिसत नाहीये!"

"दिसू नये म्हणूनच. घड्याळाकडं बघत फोनवर बोललं की कुणालाही बोलणं सुचत नाही. तीस वर्षं ऐकलंय मी. तू बाळाकडं बघ."

"पण किती झालं ते कसं कळणार?"

"झालं की कळेल."

मग त्या शेजारी बसल्या आणि गप्पा मारायला लागल्या. एका माणसानं रोज रात्री फोन जोडून मागायचा आणि पलीकडून बायकोनं उचलला की काही न बोलता नुसतं ऐकत बसायचं, असला काहीतरी किस्सा होता. तीन मिनिटं झाली. सहा झाली. सासूबाई बोलतच राहिल्या! साहेब आईचं बोट मुठीत धरून झोपले होते, मधेच झोपेत हसत होते. गोदामबाई त्यांच्याकडं बघत राहिली. गेल्या सहा दिवसांत तिनं त्यांच्याकडं मोजल्याशिवाय असं बघितलंच नव्हतं.

पायमोजा ओला झाला, तेव्हा कळलं. बाटली भरून वर आली होती!

रविवारी मध्यरात्री बारावी पिशवी फ्रीजरमध्ये गेली. त्या दोन दिवसांतली सगळी लेबलं सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लिहिली. सगळ्यांवर एकच शब्द होता: 'दूध.'

सोमवारी सकाळी गोदामबाई इस्त्रीचे कपडे घालून गोदामात शिरली, तेव्हा कामगार आपोआप रांगेत उभे राहिले. उपव्यवस्थापक तिच्या खुर्चीवरून उठला, खरं म्हणजे उडालाच. मोजणी झपाझप सुरू झाली. अकरापर्यंत चार रांगा मोजून झाल्या. पंखा न् पंखा जुळत होता. "घरी सगळी व्यवस्था करून आलेय," ती त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

सव्वाअकराला फोन वाजला. सासूबाई.

"पोटभर प्याले का हो साहेब?"

"नाही गं बाई. बाटली दाखवली, तोंड फिरवलं. चमचा दाखवला, तोंड मिटलं. दोन तास आळवणी चाललीय. तुझ्या अकरा पिशव्या फ्रीजरमध्ये जशाच्या तशा आहेत, बारावी बाटलीत."

गोदामबाई जागच्या जागी थिजली. आठ दिवस साठवायच्या नादात हे दूध बाटलीनं एकदा पाजून बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं!

"मग आता?"

"आता काय! आम्ही तुझ्या फाटकावर उभे आहोत. हा रडून लालबुंद झालाय आणि तुमचा वॉचमन आत सोडत नाही. मोजणीच्या दिवशी नोंद केल्याशिवाय काही आत जायचं नाही, असा म्हणे तुझाच हुकूम आहे. तीन मिनिटं झाली, ठेवते."

ती धावली. फाटकाशी नवरा घामाघूम, सासूबाई करारी आणि साहेब आभाळ फाडत होते. वॉचमननं रजिस्टर उघडलं, पेन काढलं, साहेबांकडं नीट पाहिलं आणि लिहिलं: 'आवक: एक नग.' मग फाटक उघडलं. तिच्या केबिनमध्ये, दार लावून, साहेब पंचवीस मिनिटं प्याले, ढेकर दिली आणि ओळख न दाखवता झोपले. साडेबाराला नवरा आणि सासूबाई त्यांना घेऊन मागच्या दारानं घरी गेले.

जावकेची नोंद राहिली.

संध्याकाळी मोजणी जुळली नाही. कागदावर एक नग जास्त होता. उपव्यवस्थापक आणि चौदा कामगार तो रात्री नऊपर्यंत शोधत होते.