कासमचाचांचं सैल माप

आमच्या पौडच्या बाजारपेठेतले कासमचाचा टेलर माणसाला नावानं ओळखत नसत, मापानं ओळखत. रस्त्यानं कुणी गेलं की मशीनवरची मान वर न करता म्हणायचे, "बत्तीस कंबर निघाली जनू बाजाराला." सरपंच त्यांच्या लेखी 'चव्वेचाळीस पोट'. आमचे हेडमास्तर 'आखूड बाही'. शाळेत माझी नेमणूक झाली आणि मी त्यांच्या दुकानामागची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा चार दिवस त्यांनी मला 'बाई' म्हणून हाक मारली. पाचव्या दिवशी मापाचं पोलकं घेऊन गेले आणि कायमची 'तेरा उंची' झाले.

माप ओळखण्यात असा तरबेज माणूस शिवायचा मात्र कमालीचं ढगळ. चाचांचा नवा सदरा घातलेला माणूस वळला, तर माणूस आधी वळायचा आणि सदरा मागून. कुणी तक्रार केली की चाचांचं उत्तर ठरलेलं.

"असू द्या सैल. सैल आटवता येतं. तंग झालं की कारभार आटपला."

लोक कुरकुरत आठ दिवसांनी सदरा आटवायला परत येत. चाचा त्यांना चहा पाजून फुकटात आटवून देत. हा कसला धंदा, हे मला कळायचं नाही.

दुकान आणि घर यांच्यामध्ये एक फुलाफुलांचा पडदा होता. पडद्याआड जैतूनचाची काज-बटणं करत बसलेल्या असत. चाचांनी बाहेरून खच्चून ओरडायचं, "छाती अडतीस!" आणि आतून चाचींनी म्हणायचं, "अडतीस." झालं, माप नोंदलं गेलं. चाचींचं डोकं म्हणजे वहीच होती. आणखी एक गंमत मला हळूहळू दिसली. अख्ख्या पौडात अंगाबरोबर बसणारे कपडे एकाच माणसाचे होते, ते म्हणजे चाचींचे. त्यांचं पोलकं असं बसलेलं असायचं की मला हेवा वाटायचा. आणि चाचींनी जन्मात कधी चाचांना टेप लावू दिला नव्हता. चाचा नजरेनंच कापायचे.

टेप का नको, हे चाचींनीच मला सांगितलं. त्यांच्या समाजात कुणी गेलं की कफनाचं कापड मापून फाडायला चाचांना बोलावणं यायचं. "ज्या हातानं कफन फाडत्यात, त्या हातानं माझं माप न्हाई घ्यायचं," चाची म्हणाल्या. "लगीन झालं तवाच सांगून टाकलंय." मी हसले, पण त्या हसल्या नाहीत.

अशात एकोणीसशे ऐंशीच्या आगेमागे एका बाजाराच्या दिवशी पुण्याहून एक टायवाला विक्रेता आला. सुकटीच्या पाट्या आणि तांदळाच्या गोण्या यांच्यामध्ये त्यानं टेबल मांडलं आणि वर एक यंत्र ठेवलं. काळा पट्टा, रबरी फुगा, घड्याळासारखी तबकडी आणि कानात घालायची नळी. "आता डॉक्टरकडे जायला नको, ब्लडप्रेशर घरच्या घरी मोजा," असं तो म्हणाला, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग त्यानं आवाज खाली आणला. साप दिसतो म्हणून माणूस उडी मारतो, म्हणाला. हा दिसत नाही. आत असतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस जेवता जेवता माणसाला आडवा करतो. तुमच्यातल्या कुणाच्या आत आहे, तुम्हाला माहीत आहे?

बाजारातला प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघायला लागला. माझ्या हातात वांगी होती. ती मी तशीच धरून उभी राहिले, आणि माझ्या आत काही तरी ठोके देतंय असं मला पहिल्यांदाच जाणवलं. ते अर्थात जन्मापासून देत होतं.

चाचा पुढे झाले. त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला, शिवण तपासली आणि म्हणाले, "दंडघेरच घ्यायचा की. ह्ये आमचंच काम हाय." संध्याकाळपर्यंत ते नळीतून ऐकायला शिकले आणि यंत्राची एजन्सी घेऊन मोकळे झाले. 'कासम टेलर्स, लेडीज अँड जेंट्स' या पाटीखाली दुसरी पाटी लागली. 'येथे रक्तदाब मोजून मिळेल व मशीन मिळेल.'

आणि पौडात भीतीचं राज्य सुरू झालं.

चाचांना माप मनात ठेवायची सवयच नव्हती. ते पट्टा बांधत, फुगा दाबत, नळीला कान देत आणि मग भर रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडत, "चव्वेचाळीस पोट, एकशे ऐंशी!" आतून चाची म्हणत, "ऐंशी." सरपंचांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी लोणच्याच्या बरण्या माळ्यावर गेल्या. हेडमास्तर मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारू लागले. माझा आकडा ओरडला गेला तेव्हा मी तिशीही गाठली नव्हती. त्या रात्री उशीला कान लावला तर कानात धडधड, आणि कान काढला तर छातीत धडधड. मी मीठ सोडलं. भात-आमटी अळणी खाताना मला आईची फार आठवण यायची.

भ्यालेल्या लोकांनी यंत्रं विकतही घेतली. सरपंचांनी घेतलं, भातगिरणीवाल्यांनी घेतलं, एका पोल्ट्रीवाल्यानं तर रेडिओशेजारी मांडून वर क्रोशाचा रुमाल घातला. वापरायचं धाडस कुणाचंच नव्हतं. मोजलं आणि वाढलेलं निघालं तर? घरात साप पाळल्यासारखी ती यंत्रं कपाटांवर बसून होती, आणि चाचा सगळ्यांना फुकट खोळी शिवून देत होते. काही लोक दुकानासमोरून जायचे बंद झाले. मागच्या ओढ्याच्या वाटेनं चिखल तुडवत जात, पण 'ये, बस, दंड दे' असं कुणी म्हणायला नको.

मलाही वाटायचं, या माणसाला लोकांना घाबरवण्यात मजा येतेय. मग एका संध्याकाळी पडद्याआडून बोलणं ऐकू आलं.

"समद्या गावाचं घेतलं," चाचा म्हणत होते. "कुनाला काय झालं का? नुसता पट्टा तर बांधायचा."

"न्हाई म्हनलं ना."

"मान दुखती तुझी. परवा नाकातनं रगत आलं."

"उन्हानं आलं आसंल."

बाहेर पाऊस कोसळत होता. ऊन आम्ही महिनाभर पाहिलं नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा सगळा तमाशा एका दंडासाठी मांडलेला होता. चाचींची आई विहिरीवर पाणी शेंदता शेंदता पडली होती, तोंड वाकडं झालं आणि परत उठलीच नाही. आता चाची रोज सकाळी डोक्याला फडकं करकचून बांधत, कपाळाला लवंग उगाळून लावत आणि "काय न्हाई, झोप झाली न्हाई" म्हणत. चाचांनी गावातला एकेक माणूस ओट्यावर आणून बसवला, तो चाचींनी पडद्याच्या फटीतून बघावं म्हणून. बघ, हाही जिवंत उठला.

पण त्यांचं दुर्दैव असं की सगळा गाव घाबरून गावच्या सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टर तरुण, शहरातले, डोक्यानं शांत. ते मोजायचे तर प्रत्येकाचा आकडा चाचांच्या आकड्यापेक्षा कमी. थोडाथोडका नाही, आणि एखाद्याचा नाही, सगळ्यांचाच. शेवटी ते स्वतः दुकानात आले. सरपंचांना बसवलं, नळी आपल्या कानाला लावली आणि चाचांना काटा बघायला सांगितलं. "आता," डॉक्टर म्हणाले. काटा एकशे साठवर होता, मी स्वतः पाहिला. चाचा ओरडले, "एकशे ऐंशी!"

"चाचा, काटा साठवर होता."

"व्हय," चाचा म्हणाले. "वीस सैल धरलं."

डॉक्टरांनी नळी कानातून काढली. चाचांनी त्यांना समजावून सांगितलं, की माणूस काही एका मापावर राहत नाही, दिवाळीपर्यंत वाढणारच, म्हणून थोडी वाढ धरून सांगावं. तंग सांगितलं आणि वाढलं, मग?

त्या दिवशी पौड इतकं हसलं की बस. लोणच्याच्या बरण्या खाली उतरल्या. लोकांनी सुकट अशी खाल्ली जणू सूडच घेतायत. मीही आमटीत दोन चिमटी मीठ जास्त घातलं. सरपंचांना डॉक्टर म्हणाले की एकशे साठ हेही कमी नाही, पण ऐकतंय कोण. शाळेतली पोरं चाचांना बघून "वीस सैल!" असं ओरडू लागली. यंत्रं पिशव्यांतून परत आली आणि ओट्यावर आदळली गेली.

चाचा आता मापं ओरडेनात. मी पोलकं आणायला गेले, तर यंत्र खोळीत घालून मांडीवर घेऊन बसलेले. मी चिडूनच विचारलं, की कपड्याचं समजू शकते, पण असल्या गोष्टीत सैल कशाला धरायचं? ते खोळीची दोरी सोडत-बांधत राहिले.

"माजा धाकला भाऊ," ते म्हणाले. "लग्नाच्या सदऱ्याचं माप म्या घेतलं. हितंच, ह्या ओट्यावर. बराबर अंगासरशी. आठ दिसांत गेला. बसल्या जागी. कफन फाडाय मलाच बोलावलं. तेच माप. एक सूत इकडं न्हाई, तिकडं न्हाई." त्यांनी गळ्यातला टेप हातात घेतला. "येवढं जवळनं माप घेतलं, पर ह्यानं मला काय सांगितलं न्हाई, बाई. तवापासनं अंगासरशी शिवाया भ्याव वाटतं. सैल आसलं की मानूस आटवाय परत येतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी पोलक्याची घडी करत राहिले. पडद्याआड सुईचा आवाज नसतोच, पण काज करणारे हात थांबले की ती शांतता कळते. ती मला कळली.

मग पडदा हलला आणि त्यातून एक हात बाहेर आला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, पोलक्याची बाही वर दुमडलेली.

"घ्या," चाची आतून म्हणाल्या. "एकदाच."

चाचांकडून पट्टा दोनदा सुटला, मग तो मीच धरला. त्यांनी फुगा दाबला, नळीला कान दिला, हवा सोडली.  पुन्हा दाबला, पुन्हा सोडली. तबकडी माझ्याकडून नीट दिसत नव्हती, पण चाचांचं तोंड दिसत होतं, आणि मला पळून जावंसं वाटलं.

"किती?" आतून आवाज आला.

चाचांनी आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माप हळू सांगितलं. दोनशेच्या वरचा आकडा होता.

चाची हसल्या. गाव हसलं होतं तशाच. "आता वाढ काढून सांगा."

चाचा पडद्याकडे बघत राहिले. "तुज्या मापात म्या कवा वाढ धरली?" ते म्हणाले.

हसणं थांबलं. चाचींनी एरवीसारखा आकडा परत म्हटला नाही. बाहेर आलेला हात तसाच अधांतरी राहिला, आणि मग त्यानं चाचांचं मनगट घट्ट धरलं.

दवाखान्यात डॉक्टरांच्या यंत्रावर तोच आकडा आला. डॉक्टर एकदा काट्याकडे आणि एकदा चाचांकडे बघत राहिले. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला सरपंचांनी आपली जीप काढली आणि स्वतः चालवली. 

चाची वाचल्या. औषधपाण्यासाठी महिनाभर पुण्यात बहिणीकडे राहिल्या. चाचा दुकान उघडायला परत आले, त्या दिवशी गिऱ्हाईक ओट्यावर उभं होतं. चाचांनी खच्चून हाक दिली, "छाती अडतीस!" आणि टेप हातात धरून थांबले. पडदा हलला नाही. गिऱ्हाईक अवघडून म्हणालं, "चाचा?" चाचांनी टेप गुंडाळला आणि त्याला उद्या यायला सांगितलं.

चाची आल्यावर रोज सकाळी पडद्यातून एक हात बाहेर यायचा. आकडा बाहेर कुणाला ऐकू यायचा नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघताना चाचांनी मला एक पोलकं शिवून दिलं, इतकं ढगळ की आत दोघी मावल्या असत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "असू द्या. आटवाय या."

जायला मला दोन पावसाळे लागले. एसटीतून उतरले तेव्हा पोलकं पिशवीत होतं. बाजारपेठेत कुणाला चाचींबद्दल विचारायचा धीर होईना. चाचा मशीनवरच होते. मान वर न करता म्हणाले, "तेरा उंची आली." ओट्यावर बसवून माझ्या दंडाला टेप लावला आणि पडद्याकडे तोंड करून ओरडले, "दंडघेर बारा!"

आत काही हललं नाही.  चाचा बेफिकीरपणे खडू शोधत होते, आणि मी त्या फुलाफुलांच्या पडद्याकडे बघत मनातल्या मनात म्हणत होते, बोला, चाची, बोला.

"अकरा," आतून आवाज आला. "वाढ काढली. बाई वाळल्यात, त्यांना च्या ठेवते."