आजींच्या हाकेचा परवाना

हवा सगळ्यांची असते, असा एक जुना गैरसमज आहे. श्वास घेण्यापुरती ती सगळ्यांची आहे हे खरे, आणि त्याबद्दल सरकारने अजून कुणाला जाब विचारलेला नाही. पण त्याच हवेतून आपला आवाज दुसऱ्याच्या रेडिओपर्यंत पोचवायचा म्हटले, की ती खात्याची होते. त्यासाठी परवाना लागतो. परवाना नसताना आवाज पाठवणे हा गुन्हा आहे. आणि (इथेच कायदा करणाऱ्यांची दूरदृष्टी दिसते) असा आवाज जाणूनबुजून ऐकत राहणे हाही गुन्हाच आहे. चोरीचा माल घेणाराही चोराइतकाच दोषी धरला जातो, मग चोरीचा आवाज घेणाऱ्याला मोकळे सोडून कसे चालेल? इतका बारीक विचार आपल्यासाठी कुणीतरी करून ठेवला आहे, या जाणिवेने ऊर भरून येतो.

हा कायदा आमच्या गल्लीत कसा यशस्वी झाला, त्याची ही हकीकत आहे. इतर गल्ल्यांनी बोध घ्यावा.

गल्लीच्या मधोमध एक दुमजली घर आहे. खाली शिवणकामाचे दुकान, वर एक खोली. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे शिलाईताई म्हणतात. वरच्या खोलीत त्यांची आई असे, ती सगळ्या गल्लीची आजी. कमरेने दगा दिल्यापासून आजींचा मुक्काम खिडकीजवळच्या पलंगावर होता. पाणी हवे असले, कूस बदलायची असली, तर हाक मारण्याखेरीज त्यांच्या हातात काही नव्हते. आणि खाली दिवसभर मशीनचा खडखडाट. त्या खडखडाटात आजींच्या हाका जिन्यातच विरून जात.

आजींना एक मुलगाही आहे. तो दूरच्या शहरात रेडिओ दुरुस्त करतो. आईला आपल्याकडे नेणे त्याला जमण्यासारखे नव्हते (जागेची अडचण होती, ही अडचण मुलींच्या घरी सहसा आढळत नाही). पण काळजी होतीच. त्याने साबणाच्या डबीएवढे एक यंत्र बनवून पाठवले. बटण दाबून बोलले की दुकानातल्या रेडिओवर, काट्याच्या पट्टीच्या अगदी टोकाला, जिथे कुठलेच केंद्र लागत नाही तिथे, ऐकू येई. ताईंनी ती डबी नाडीत ओवून आईच्या गळ्यात घातली. आजी वरून म्हणत, “अगं, पाणी,” आणि ताई मशीन थांबवून वर जात. मायलेकींचे दिवस सुखाचे झाले. इतकी सोपी गोष्ट कायदेशीर असणे शक्यच नव्हते, पण हे त्या दोघींच्या लक्षात आले नाही.

मुलाची माया जरा जास्त झाली असावी. डबीचा जोर एका जिन्यापुरता न राहता गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत गेला. त्यात बटण दाबून दाबून बोट दुखते म्हणून आजींनी फटीत काडी खोचून ठेवली. झाले. आजी सकाळपासून जे काही बोलत, ते सगळे हवेत जाऊ लागले.

त्यांच्या बोलण्याचा निम्मा भाग लेकीबद्दल असे. चहा पाणचट होता, भात कच्चा होता, हिला माझ्याशी चार शब्द बोलायला सवड नाही, वगैरे. उरलेला निम्मा भाग खिडकीतून दिसणाऱ्या जगाबद्दल. “हा इस्त्रीवाला बघा, लोकांचे शर्ट आधी स्वतः घालून आरशात बघतो, मग इस्त्री करतो.” “न्हाव्यानं त्या माणसाच्या गालाला फेस लावलाय आणि स्वतः गेलाय चहाला. तो बसलाय तसाच, बावळट.” याचा गल्लीच्या नीतिमत्तेवर फार चांगला परिणाम झाला. इस्त्रीवाल्याने आरसा काढून टाकला. न्हाव्याने दुकानात रेडिओ आणला, आणि ज्यांना दाढी फुटलेली नव्हती असे लोकही तिथे तासन्तास बसू लागले. त्या वेळी सरकारी केंद्रावर ‘सांडपाणी: समस्या आणि शक्यता’ ही मालिका चालू होती. तरीही गल्लीतल्या दर दहा घरांमागे अकरा घरांत आजी लागत (एका घरात दोन रेडिओ होते). मी अर्थातच यांत नव्हतो. आमची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आहे, आणि भिंतीला परवाना लागत नाही.

हे ताईंना किंवा आजींना कुणी सांगितले का? नाही. सांगितले असते तर आजी जपून बोलू लागल्या असत्या, आणि जपून बोलणारे एक केंद्र देशाला पुरेसे होते.

आता तक्रार कुणी केली ते सांगितले पाहिजे, कारण जागरूक नागरिकाचे नाव झाकून ठेवू नये. समोरच्या पहिल्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. ते रोज सकाळी धुतलेला शर्ट घालून, आजींच्या खिडकीच्या अगदी समोर, गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसत. शेजारच्या खोलीत त्यांचा रेडिओ हळू आवाजात चालू असे. आजींनी इस्त्रीवाल्याला घेतले, न्हाव्याला घेतले, एका लंगड्या कुत्र्याला तर आठवडाभर घेतले, पण हेडक्लार्कांविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. लाल मफलर गुंडाळून पाहिला. शेवटी एक कुंडी, धक्का लागल्यासारखे करून, खाली पाडली. आजी म्हणाल्या, “कुठंतरी काहीतरी फुटलं वाटतं,” आणि पुन्हा न्हाव्याकडे वळल्या. दुसऱ्याच दिवशी खात्याकडे अर्ज गेला: ‘सदर प्रसारण विनापरवाना तर आहेच, शिवाय ते एकांगी असून समाजातील जबाबदार घटकांची हेतुपुरस्सर उपेक्षा करते.’

खात्याची शोधगाडी आली. तिच्या टपावर गोल फिरणारी जाळी होती. ती जाळी नेमकी दिशा दाखवू शकत नसल्यामुळे न्हाव्याने बोटाने दाखवली. निरीक्षक जिना चढून वर गेले.

निरीक्षक वाईट नव्हते. वाईट माणसाचे काही ना काही करता येते. हे प्रामाणिक होते, त्यामुळे इलाजच नव्हता.

“आजी, हे यंत्र कोणाचं?”

“माझं. लेकानं पाठवलंय. तुमच्या शर्टाची वरची गुंडी लोंबतेय, जाताना खाली लावून घ्या.”

“तुमचं बोलणं सगळ्या गल्लीत ऐकू जातं, माहीत आहे का तुम्हाला?”

आजींनी खिडकीतून खाली पाहिले. न्हावी, इस्त्रीवाला आणि इतर मंडळी वर पाहत होती, ती एकदम आपापल्या कामाला लागली. मग आजींनी डबीतली काडी काढून उशीखाली ठेवली.

पहिलाच गुन्हा म्हणून निरीक्षकांनी डबी जप्त केली नाही, परवाना काढायला सांगितले. खाली ताईंनी गुंडी लावून दिली (तिचा मोबदला देऊ केल्याची आणि नाकारल्याची नोंद निरीक्षकांनी डायरीत केली). त्यानंतर त्या सरळ न्हाव्याच्या दुकानात गेल्या.

“तुम्ही सगळे ऐकत होतात?”

“आम्हाला कुठली सवड, ताई,” न्हावी म्हणाला. “आम्ही आपली कामाची माणसं.”

आजींना फार लाज वाटली. लेकीला आपण जे जे बोललो ते साऱ्या गल्लीने ऐकले, हे त्यांना सहन होईना. पुढे काही दिवस त्यांनी बटणाला हात लावला नाही. तहान लागली तरी पडून राहायच्या. ताई वर गेल्या की ओठ सुकलेले दिसायचे. शेवटी ताईच खात्याच्या कचेरीत गेल्या आणि परवान्याचा अर्ज मागितला.

कायदा निष्ठुर नाही. कलम नऊमध्ये लघुकेंद्रांची तरतूद आहे, आणि निरीक्षकांनी स्वतः खटपट करून आजींना परवाना मिळवून दिला. अट एवढीच, की कार्यक्रम आठवडाभर आधी लिहून द्यायचा.

“साहेब, आईला तहान कधी लागेल ते मी आधी कसं लिहून देऊ?”

“अंदाजे लिहा. मोठी केंद्रंसुद्धा अंदाजेच लिहितात.”

रोज तीन प्रसारणे ठरली: सकाळी, जेवणानंतर, आणि दिवेलागणीला. ‘पाणी हवे’ हे मागणीपर कार्यक्रमात बसवले. खोकला संगीतेतर ध्वनींत गेला. लेकीवरची टीका पूर्वपरवानगीच्या सदरात आली, म्हणून आजींनी ती वगळली. ठरलेल्या वेळांखेरीज डबीचे बटण दाबायचे नाही. एकदा जरी नियम मोडला तर डबी कायमची जप्त. दुकानातला रेडिओही एरवी बंदच ठेवायचा. ताईंना हे पटेना, तेव्हा निरीक्षकांनी समजावले, “ताई, अवेळी तुम्ही ऐकलंत तर तुम्हाला ते खात्याला कळवावं लागेल. कळवलंत तर आईवर कारवाई, नाही कळवलंत तर तुमच्यावर. ऐकूच नका, म्हणजे प्रश्नच नाही.” डबी गेली तर वरचा मजला आणि खालचा मजला यांच्यामध्ये पुन्हा नुसता खडखडाट उरणार होता. ताईंनी रेडिओ बंद ठेवला, आणि हातातले काम संपले की वर चक्कर मारायचे ठरवले.

परवान्यानंतर आजींच्या भाषेत लक्षणीय सुधारणा झाली. “हे वरच्या खोलीचे केंद्र आहे. पाणी हवे आहे. चहा उत्तम होता. नमस्कार.” न्हाव्याच्या दुकानातली गर्दी ओसरली. तरीपण गल्लीतले बरेच रेडिओ अवेळी चालूच असत, काटा टोकाला लावून. न जाणो, आजी एखादे दिवशी विसरतील, आणि पुन्हा खरे बोलतील, अशी लोकांना आशा होती. (पुन्हा सांगतो, मी भिंतीमुळे ऐकले.)

शाळा उघडायचे दिवस होते. ताईंच्या दुकानात गणवेशांचा ढीग पडला होता आणि मशीनला उसंत नव्हती. दुपार कलल्यावर, दिवेलागणीच्या प्रसारणाला बराच अवकाश असताना, गल्लीतल्या रेडिओंतून धप्प असा आवाज आला. मग आजी बोलल्या.

“अगं, पडले गं मी. पलंगावरून पडले.” थोड्या वेळाने, “अगं, उठता येत नाही मला. श्वास घेता येत नाहीये नीट.”

इथे गल्लीने जो संयम दाखवला त्याला तोड नाही. न्हाव्याचा वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या गळ्याशी थांबला आणि मग पुन्हा चालू लागला. कुठेही कापले नाही. इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली, त्यामुळे शर्ट जळला नाही. हेडक्लार्क गॅलरीचे दार उघडून बाहेर आले, आणि कायदा आठवून आत गेले. प्रत्येकाचा विचार एकच होता, आणि तो बिनचूक होता. आपण धावत गेलो, तर पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कसे कळले? ऐकले म्हणावे, तर गुन्हा. नुसतीच हाक ऐकू आली म्हणावे, तर मशीनच्या खडखडाटात ते खोटे ठरणार. त्यापेक्षा ज्याला अवेळी ऐकण्याचा अधिकार आहे अशा कुणीतरी जावे. असा अधिकार कुणालाच नव्हता. तेवढ्यासाठी गल्ली वाट पाहत राहिली.

आजी मध्येच थांबत होत्या. “रेडिओ बंद असेल तिचा. बरोबर आहे. वेळ झालेली नाही.” नंतर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. आणि मग त्या, कुणाला तरी समजावून सांगावे तशा, म्हणाल्या, “माझ्या पोरीला ऐकू गेलं असतं तर ती आली असती. ऐकून न येणाऱ्यातली नाही ती.”

त्यानंतर खरखर राहिली. लोकांनी एकेक करून रेडिओ बंद केले.

दिवेलागणीला ताईंनी रेडिओ लावला. काही आले नाही. आईला डुलकी लागली असेल असे वाटून त्या थोडा वेळ थांबल्या, मग चहाचा कप घेऊन वर गेल्या.

अंत्ययात्रेला झाडून सगळी गल्ली होती. न्हाव्याने दुकान बंद ठेवले. हेडक्लार्कांनी शोकसभेत छोटेसे भाषण केले आणि आजींचा आपल्यावर विशेष लोभ होता असे सांगितले. निरीक्षकही आले, हात जोडून उभे राहिले, आणि परवाना वारसाकडे जात नसल्यामुळे डबी घेऊन गेले. त्यांनी चौकशी केली तेव्हा अवेळी प्रसारण ऐकल्याचे एकही प्रकरण गल्लीत आढळले नाही. खात्याने आमच्या गल्लीला आदर्श श्रोता क्षेत्र जाहीर केले. तसा फलक गल्लीच्या तोंडाशी लावला आहे, लांबूनही दिसतो.

एकच किरकोळ बाब शिल्लक आहे. शिलाईताई हल्ली शिवता शिवता मशीन थांबवतात आणि मान वर करून ऐकत बसतात. वर कुणी नाही. कपडे उशिरा मिळतात. आणि जो भेटेल त्याला त्या एकच गोष्ट विचारतात. “आईनं खूप हाका मारल्या असतील का हो? मी ऐकूनही आले नाही, असं वाटलं असेल का तिला?”

न्हावी म्हणतो, “वय झालं होतं, ताई.” इस्त्रीवाला म्हणतो, “वय झालं होतं.” मलाही विचारले होते. भिंतीला लागून राहत असल्यामुळे मीही तेच म्हणालो.

याचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने कुणालाच माहीत नाही. तुम्हाला मात्र आहे. आजी जे बोलल्या ते तुम्ही आत्ताच, मधे कुठेही न उठता, अगदी शेवटपर्यंत ऐकलेत. दुकान रोज सकाळी उघडते. कधी काही शिवायला घेऊन गेलात, तर माप घेता घेता ताई तुम्हालाही विचारतील. काय सांगायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. ‘वय झालं होतं’ असे सांगणाऱ्यांपैकी आजवर कुणालाही नोटीस आलेली नाही.