टोकावड्याची फ्लेमिंगो थाळी

बुद्धभूषण रोकडे यांनी सासूबाईंच्या खानावळीची वेबसाइट काढायचं ठरवलं, त्याला कारण झाला भज्यांचा कागद. २००८ सालच्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी बायकोनं वर्तमानपत्राच्या ज्या तुकड्यावर भजी दिली, त्यावर छापलं होतं की ज्याची वेबसाइट नाही तो धंद्यातच नाही. रोकडे शहापूरला एका सरकारी कार्यालयात आवक-जावक कारकून होते. छापील कागदावर त्यांचा एकूणच फार विश्वास (आलेला कागद खोटा मानायचा म्हटलं, तर आवक कारकुनानं जगायचं कसं). भजी संपायच्या आत निर्णय झाला होता.

खानावळ टोकावड्याला, मुरबाडहून माळशेज घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. सासूबाई, म्हणजे चिमाबाई, ती बावीस वर्षं चालवत होत्या. वर पत्रा, खाली सहा बाकडी, ताटात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट आणि आधी सांगितलं तर गावठी कोंबडी. शनिवार-रविवारी रोकड्यांची बायको रत्नप्रभा शहापूरहून आईच्या मदतीला जायची आणि रोकडे रत्नप्रभाच्या मदतीला. म्हणजे ते बाकड्यावर बसायचे.

वेबसाइट तयार झाली शहापुरातल्या काळूरामच्या सायबर कॅफेत. काळूराम पूर्वी टायपिंगचे क्लास घ्यायचा. मशीन बदलली, त्याच खुर्च्यांवर आता कॉम्प्युटर आले होते. इंग्रजीत दोन पानं, भाकरीचा एक फोटो, खाली रोकड्यांचं पूर्ण नाव आणि रत्नप्रभाचा मोबाइल नंबर. महिना झाला. एक माणूस वेबसाइट बघून आला असेल तर शपथ.

"येईल कसा?" काळूराम म्हणाला. "लोक सर्च इंजिनमध्ये शब्द टाकतात. जो शब्द टाकला, तो ज्याच्या पानावर असेल त्याचं पान वर येतं. तुमच्या पानावर काय आहे? 'होमली अँड हायजिनिक'. भुकेला माणूस हे शब्द टाकील का?"

"मग काय टाकतो?"

"ते बघता येतं."

काळूरामनं एक पान उघडलं. त्यात कुठलाही शब्द घातला, की तो शब्द महिन्याभरात किती लोकांनी विचारला, ते आकड्यासकट समोर यायचं. रोकड्यांनी आधी भीतभीत 'डोकेदुखी' असा अर्थ होणारा इंग्रजी शब्द घातला. लाखांच्या घरातला आकडा आला. मग त्यांना थांबवेना. माणसं त्या यंत्राला विचारत होती की बॉस सुट्टी देत नाही तर काय करावं. नवऱ्याचं घोरणं कसं थांबवावं. शाळेतली मैत्रीण सापडेल का. मेल्यावर काय होतं.

रोकडे खुर्चीत मागं टेकले. एकवीस वर्षं ते आलेल्या कागदावर शिक्का मारून नोंद घेत होते. दिवसाला पन्नास-साठ कागद आले की दुपारी मान धरायची. आणि इथं साऱ्या जगाची आवक चालली होती. नाव नाही, पत्ता नाही, तिकीट नाही. कोणीतरी, कुठंतरी, दुसऱ्या माणसाला विचारायला लाजेल असं काहीतरी सर्चच्या त्या पट्टीत लिहून पाठवत होता, आणि प्रत्येकाची नोंद होत होती. इतकं मोठं आवक रजिस्टर त्यांनी स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"काळूराम," ते हळू आवाजात म्हणाले, "हे सगळं कोण सांभाळतं रे?"

"मशीन."

"आणि शिक्का?"

काळूरामनं तासाचे पैसे मागितले.

पुढचे दोन आठवडे ऑफिस सुटलं की रोकडे कॅफेत. 'माळशेज' हा शब्द लोक इंग्रजीत नऊ प्रकारांनी चुकवतात, हे त्यांनी शोधून काढलं आणि नऊच्या नऊ वहीत उतरवले. माळशेजच्या शेजारी लोक कुठले शब्द जोडतात, तेही उतरवलं. सगळ्यांत वर होता 'फ्लेमिंगो'. घाटापलीकडच्या धरणावर ते गुलाबी पक्षी उतरतात आणि ते बघायला लोक लांबलांबून येतात, हे रोकड्यांना माहीत होतं. लोक इतके येतात हे माहीत नव्हतं. त्याखाली 'थाळी', 'स्पेशल', 'फ्रेश', 'व्हेज-नॉनव्हेज' असे शब्द. काळूरामनं सांगितलं होतं की महत्त्वाचे शब्द जवळजवळ ठेवावेत. रोकड्यांनी ते इतके जवळ ठेवले की पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत ओळ तयार झाली: 'माळशेज फ्लेमिंगो स्पेशल थाळी, रोज फ्रेश, व्हेज-नॉनव्हेज'.

तेविसाव्या दिवशी काळूरामनं 'माळशेज फ्लेमिंगो' टाकलं आणि पहिल्या नंबरावर खानावळ आली. तिच्याखाली पक्ष्यांवरचे मोठमोठे अभ्यास होते, सरकारी माहिती होती, परदेशातल्या कुणा विद्वानाचा लेख होता. त्या सगळ्यांच्या डोक्यावर चिमाबाईंची भाकरी. रोकडे कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. त्यांनी त्या पानाची प्रत छापून घेतली आणि ऑफिसात स्वतःच्याच आवक रजिस्टरात ठेवली.

पहिला फोन रत्नप्रभाला शनिवारी आला. डोंबिवलीच्या एक बाई होत्या.

"फ्लेमिंगो थाळी तुमच्याकडेच मिळते ना? एकात दोघांचं होतं का?"

नवऱ्यानं थाळीला काहीतरी नवीन नाव दिलं असणार, असं रत्नप्रभाला वाटलं. "होतं की. पोटभर आहे."

"आणि ताजं असतं?"

"रोज सकाळी होतं. शिळं आम्ही ठेवतच नाही."

मग बाईंनी बारीक आवाजात विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"वाटतं ना," रत्नप्रभा म्हणाली, "पण आईला सवय आहे. बावीस वर्षं करतेय."

असे सात फोन झाले. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, खानावळीपुढं मोटारसायकल थांबली आणि वनखात्याचे वनरक्षक भगीरथ उतरले. तिशीतला, काटक, हळू बोलणारा माणूस. चिमाबाई चुलीपुढं होत्या. रोकडे बाकड्यावर बसून मदत करत होते.

"बाई," भगीरथ म्हणाले, "तुमच्याकडं रोहित शिजवतात असं कळलंय."

"कोन रोहित?"

"रोहित. दर साली बाहेरून येतात ते."

"येनारे लय हायेत. आमी नावं नाय इचारत कुनाला."

"लांब पायांचे. गुलाबी."

"मुंबयची पोरं असतात तशी."

"आतापर्यंत किती कापले?"

चिमाबाईंनी हातातली भाकरी परत परातीत ठेवली. "रत्ना, गो रत्ना, हितं ये. हा मानूस काय बोलतो बघ."

भगीरथनी खिशातून कागद काढला. ती वेबसाइटच्या पानाची छापील प्रत होती. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, हे रोकड्यांना त्या क्षणी आठवलं. पण त्याच क्षणी त्यांची नजर कागदाच्या कोपऱ्यावर गेली. तिथं आवक क्रमांक होता, गोल शिक्का होता, तारीख होती. आपण लिहिलेली ओळ कॅफेतून निघून साऱ्या जगात फिरून एका सरकारी रजिस्टरात जाऊन पोचली, या विचारानं (खोटं कशाला सांगा) त्यांच्या अंगावर काटा आला.

मग तपासणी झाली. भगीरथनी एकेक टोप उघडला. बिरडं हुंगलं, सुकट चाळवली. मागच्या अंगणात त्यांना एक पीस सापडलं. त्यांनी ते उन्हात धरलं.

"लाल म्हणायचं का गुलाबी?"

"तांबूस," रोकडे म्हणाले. नोंद अचूक असावी एवढाच त्यांचा हेतू होता.

"म्हणजे मधलं," भगीरथ म्हणाले, आणि पीस पाकिटात गेलं.

"कोंबड्याचं हाय ते," चिमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. बावीस वर्षांत त्यांच्या चुलीकडं कुणी संशयानं बघितलं नव्हतं. बाकड्यांवरची गिऱ्हाइकं घास तोंडाजवळ धरून ताटात बघत होती. दोघं उठून हात धुवायला गेले आणि तिकडूनच गाडीत बसले.

जबाब रोकड्यांनीच लिहून दिला. 'सदर पक्षी हा केवळ शब्द म्हणून घालण्यात आला असून प्रत्यक्षात घालण्यात आलेला नाही.' भगीरथनी तो दोनदा वाचला. "जे चुलीवर नाही ते पाटीवर कशाला लिहायचं?" त्यांनी विचारलं, आणि त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. रोकड्यांनी जबाबाखाली तारीख घालून सही केली. त्या आठवड्यात पीस कोंबड्याचंच असल्याचा निर्वाळा आला, लेखी समज देण्यात आली, प्रकरण मिटलं. पण पुढच्या रविवारी सहापैकी चार बाकडी रिकामी होती.

रत्नप्रभा नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, तेव्हा आधीचे चार दिवस बरे होते असं रोकड्यांना वाटलं. चिमाबाई मात्र रागावल्या नाहीत. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी जावयाला चुलीजवळ बोलावलं.

"जावयबापू, ते तुमचं इंजिन. त्याला कसा कळतो, मान्सांना काय पायजे?"

"माणसं त्यात लिहितात, मामी. जे पाहिजे ते."

"आनि तुमी ते आकडं बघून शब्द काढला."

"हो."

"मंग हितं बसा. हितं बी येतात मानसं. गाडीतून पाय खाली टाकला की पयला काय बोलतात, तेवढा आयका."

रोकडे वही घेऊन बसले. पुढच्या शनिवारी आणि रविवारी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. जीप आली की पहिलं वाक्य, एसटी थांबली की पहिलं वाक्य. 'भाकरी आहे का' हे दोन दिवसांत फक्त अकरा वेळा आलं. फ्लेमिंगोचं नाव एकदाच निघालं. आणि घाट उतरून आलेल्या गाड्यांतून पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तोंडांतून, एकच गोष्ट येत होती. 'लिंबू आहे का हो.' 'हिला मळमळतंय.' 'पोरगं तीनदा ओकलं.' 'जरा बसू द्या, काही खाणार नाही.' दोन दिवसांत त्रेसष्ट.

पण वहीपेक्षा रोकडे सासूबाईंकडं बघत राहिले. गाडीचा दरवाजा उघडायच्या आत चिमाबाई उठलेल्या असायच्या. काचेतून दिसणारं तोंड बघून त्या ठरवायच्या: हिला लिंबू-मीठ, त्याला सुंठेचा चहा, म्हाताऱ्याला नुसती सावलीतली खाट. एका बाईनं तर तोंड उघडलंच नव्हतं, चिमाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माहेराहून निघालीस ना गो? रडत-रडत घाट उतरला की जास्त होतो." ती बाई खाटेवर बसली आणि हसली, मग थोडी रडली, मग दोन भाकऱ्या खाल्ल्या.

इंजिनला निदान शब्द टाकावा तरी लागतो. रोकड्यांनी वही मिटली. या बाईच्या जेवणावर आपण 'होमली अँड हायजिनिक' असं लिहिलं होतं, हे आठवून त्यांना मान वर करवेना.

सोमवारी त्यांनी काळूरामकडं जाऊन 'घाटात उलटी' असा अर्थ होणारे इंग्रजी शब्द घातले. महिन्याला हजारो लोक विचारत होते. निघायच्या आदल्या दिवशी, पोरांच्या काळजीनं. काळूरामसुद्धा बघतच राहिला. "साहेब, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्याकडं वेगळं इंजिन आहे," रोकडे म्हणाले.

फ्लेमिंगो गेला. त्याच्या जागी चिमाबाईंनी सांगितलं तेवढंच आलं: घाट चढायच्या आधी पोटभर खाऊ नका, रिकाम्या पोटीही जाऊ नका, पुढच्या सीटवर बसा, लांब बघा, आणि उतरल्यावर बरं वाटेनासं झालं तर टोकावड्याला थांबा, लिंबू-मीठ आणि खाट आहे, जेवायलाच पाहिजे असं नाही. महिन्याभरात ते पान पहिलं आलं. गाड्या थांबायला लागल्या. लोक अर्धा तास खाटेवर पडायचे आणि उठून जेवूनच जायचे. संक्रांतीपर्यंत बाकडी नऊ झाली. रत्नप्रभा नवऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलायला लागली.

अशात काळूरामनं त्यांना आणखी एक यादी दाखवली. लोक कुठले शब्द टाकून आपल्या पानावर आले, त्याची. तिच्यात तळाशी एक ओळ होती: 'बुद्धभूषण रोकडे'. एक वेळा.

रोकड्यांनी चष्मा पुसला. कोणीतरी, कुठंतरी, त्या पट्टीत त्यांचं नाव लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात आकडा दोन झाला. मग तीन. दर आठवड्याला न चुकता एक. घरातलं कुणी नव्हतं, रत्नप्रभानं तर साफ सांगितलं, "मला सापडलेलेच पुष्कळ आहेत." शाळासोबती असेल, त्यांना वाटलं. मुरबाडचे जुने मास्तर असतील. एखादा पत्रकारही असेल, दबकत चौकशी करणारा. ते ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागले, आणि अनोळखी माणूस दारात आला की उभे राहायला लागले. एवढ्या अफाट आवकेत आपल्या नावाचाही एक कागद दर आठवड्याला येतो, या विचारानं त्यांना बसल्या जागी भरून यायचं.

आठव्या आठवड्यात भगीरथ खानावळीत जेवायला आले. लिंबू पिळताना रोकड्यांनी त्यांना ही गोष्ट सहज म्हणून सांगितली.

"ते मीच टाकतो," भगीरथ म्हणाले.

"तुम्ही?"

"दर सोमवारी. वरून आदेश आहे. तुमचं नाव टाकायचं, पान बघायचं आणि रजिस्टरला नोंद करायची." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "'सदर इसमानं या आठवड्यात एकही पक्षी शिजवलेला नाही.'"