घाटासकट जीप विकणे आहे

जुनी जीप विकली की ती जन्मभर ज्या घाटात चढली-उतरली तो घाटही तिच्याबरोबर जातो, म्हणून आमच्या यार्डात गिऱ्हाईक बॉनेट नंतर उघडतं, आधी चढ विचारतं.

यार्ड विलासमामाचं आहे, सातारच्या बाहेर, हायवेला लागून. मामा जुन्या फोर बाय फोर गाड्या आणतो, खोलतो, नटवतो. मी विकतो. आमची जाहिरात साधी असते. एका हातची, वळणं शाबूत, चढ मूळचा. लोक चौकशी करतात ते बरोबरच आहे. मागे पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी काही न विचारता हिरवी गाडी नेली. ती गाडी आयुष्यभर नदी ओलांडून दूध पोचवायची. आता त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमधून घोटाभर पाणी वाहतं. सोसायटीनं आधी तक्रार केली. मग सेक्रेटरींना तिथे दोन मरळ मासे मिळाले आणि प्रकरण मिटलं.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रत्येकाला आधीच सांगतो. जातो तो चढ. उंची जात नाही. उंची ही गावाची असते, तिच्यावर गाडीवाल्याचा हक्क नाही.

नाकाडीच्या हिराबाई ढेबे यांचा फोन आला तेव्हाही मी हे सांगितलं. नाकाडी म्हणजे डोंगराच्या माथ्यावरची वाडी. खाली तळकोंड. मध्ये नाकाडीचा घाट, आणि त्या घाटात चालणारी एकच जीप, हिराबाईंच्या मालकांची. कोंडीबा ढेबे वारले तेव्हापासून ती परड्यात उभी होती. मी आणि मामा आमची गाडी घेऊन बघायला गेलो.

"आजी, विकायचं काय आहे? गाडी का घाट?" मी विचारलं. धंद्यात हे विचारून घ्यावं लागतं.

"घाट," हिराबाई म्हणाल्या. "गाडीचं काय मेलं. कोंबड्या बसत्यात तिच्यात."

"घाट का काढताय?"

त्यांनी खाली बोट दाखवलं. तळकोंडात एका घराच्या कौलांमधून धूर येत होता.

"त्यो माझ्या आक्काचा धूर. तिचं गुडघं गेलं, माझंबी गेलं. ह्ये होतं तवर गाडी होती. आता सकाळी ती माझा धूर बघती, मी तिचा बघती. धूर निघाला म्हंजी हाय अजून."

"फोन नाही का करत?"

"करती की. फोनवर नुसतीच भांडती. समोर असली म्हंजी भांडत भांडत जेवाय वाढती."

मामा म्हणाला, "आजी, आत्ता आमच्या गाडीतनं घेऊन येतो त्यांना. चला."

"आज आणशीला," हिराबाई म्हणाल्या. "उद्या?"

मामानं जीपमधल्या कोंबड्या उतरवायला घेतल्या.

वाडीची बैठक झाली. घाट गेला तर धुकं राहणार का, असं एकानं विचारलं. राहणार, मामा म्हणाला, धुकं उंचीत येतं. वारं? तेही उंचीत येतं. मग जाणार काय? दम लागणं जाणार. यावर कुणाचा आक्षेप नव्हता. एसटीवाल्यांनीही कळवलं होतं की चढ निघाला तर गाडी सोडायला त्यांची हरकत नाही.

गिऱ्हाईक औसा तालुक्यातून आलं. माधवराव कलशेट्टी, काळ्या रानातला बागायतदार माणूस. त्यांची मुलगी शिवलीला सायकलच्या शर्यतीत पळते. सपाटीला तिला कुणी गाठत नाही आणि चढाला तिला सगळेच गाठतात.

"आमच्याकडं उंच म्हणून काय असंल तर विहिरीचा कठडा," ते म्हणाले. "तिनं चढ शिकायचा कुठं? मला खडा घाट पाहिजे बघा. पोरीच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे."

"नाकाडीचा बघा," मी म्हणालो. "म्हशीसुद्धा मागे वळून बघतात."

सौदा ठरला. मामानं गाडी कामाला घेतली. नवं डिझेल इंजिन बसवलं, रुंद टायर, नव्या सीटा, टपावर दिव्यांची रांग. कलशेट्टी काळजीनं म्हणाले, "घाटाला हात लावू नका हां."

"घाटाला नाही लावत," मामा म्हणाला. "बाकी काही ठेवत नाही."

आरटीओत साहेबांनी गाडी फिरून बघितली.

"चढ सोबत?"

"सोबत."

"उतार?"

"तोही. सुटा विकत नाही आम्ही."

त्यांनी शिक्का मारला आणि गाडी औशाला गेली.

दुसऱ्या दिवशी कलशेट्टींचा फोन आला. घाट पोचला होता, उसाच्या शेताला लागून छान बसला होता, गाव बघायला लोटलं होतं. "पण शेवटचं वळण नाही आलं ओ," ते म्हणाले. "पोरगी जीव खाऊन वर येती अन् एकदम सपाटच. तिला वाटतंय तिचंच काहीतरी चुकलं."

मी फोन ठेवला, तेवढ्यात हिराबाईंचा वाजला.

"पोरा, घाट गेला बरं का. आक्का सकाळीच निघाली. चालत. सपाटीनं."

"वा. पोचल्या?"

"न्हाई ना. वाडीखालचं पाणवळण हाय तसंच हाय. ती त्येच्या पायथ्याला बसलीया आन् मी माथ्याला. हितनं तिचं डोस्कं दिसतंय. मागं जा म्हनलं तर जात न्हाई."

मामानं फोन माझ्याकडून घेतला. "आजी, त्या वळणावर गाडीचं काय व्हायचं?"

"तापायची. मग ह्ये खाली उतरायचं, चाकामागं दगड लावायचं आन् तिला पाणी पाजायचं. तवा पुढं हालायची."

"कुठला दगड?"

"गाडीतला. सीटंखालचा."

मामानं हळूच फाटकाकडे बघितलं. मीही बघितलं. गाडी खोलताना मामानं सीटखालून एक काळा दगड काढून बाहेर टाकला होता, आणि तो मी आमच्या फाटकाला लावला होता, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. एका बाजूनं टायर घासून घासून तो तुळतुळीत झाला होता.

"म्हणजे हा विकलाच गेला नाही," मामा म्हणाला. "वळण अजून आजींच्याच नावावर आहे."

कलशेट्टींचं म्हणणं स्पष्ट होतं. स्टेपनी, जॅक, पाना, तसा दगड. गाडीबरोबरचाच तो. पण आमच्या धंद्यात मालकिणीनं तो स्वतःच्या हातानं दिला पाहिजे, फोनवर चालत नाही. मी दगड पोत्यात बांधला, मोटरसायकलला लावला आणि निघालो.

तळकोंडाच्या पुढे रस्ता सरळ सपाट होता. उजवीकडे दरी खोल खोल जात होती आणि मी मात्र टॉप गिअरमध्ये होतो. वाटेत कानात दडे बसले, तेव्हा कळलं की आपण बरेच वर आलो. घाटाच्या कठड्यावर बसणारी माकडं आता कुठे बसावं ते न कळून रस्त्यात उभी होती.

पाणवळणाच्या पायथ्याशी आक्का बसल्या होत्या. हिराबाईंपेक्षा बारीक, आवाज मोठा. मांडीवर फडक्यात गुंडाळलेली भाकरी.

"तूच का रं त्यो घाट ईकनारा?"

"हो."

"मग अर्धवट काम करून घरी कसा बसतोस?"

"आजी, गाडीवर बसा, वर सोडतो."

"मी फटफटीवर बसत न्हाई."

"मग वाडीतली पोरं डोली घेऊन..."

"डोलीत मी एकदाच बसनार, तीबी आडवी. तू तुझा दगड ने वर."

मोटरसायकल त्या चढाला मेली. मी दगड खांद्यावर घेऊन चालत निघालो. वळण फार लांब नव्हतं, पण असं उभं होतं की आपलेच गुडघे आपल्याला दिसत राहतात. वर पोचलो तेव्हा मला बोलता येत नव्हतं. हिराबाईंनी तांब्या पुढे केला आणि दगड मांडीवर घेतला.

"ह्यो ह्यांनी वढ्यातनं आनल्याला," त्या म्हणाल्या.

"तो माझ्या हातात द्यायचा आणि दिला म्हणायचं. एवढंच."

त्यांनी दिला नाही. गुळगुळीत बाजूवर हात फिरवत बसल्या.

"घरात सासू, सासरा, दीर. बोलायची सोयच नव्हती. लगीन होऊन म्हैना झाला तरी ह्ये माझ्याशी बोललं नव्हतं. मग बाजाराला गेलो, आन् येताना हितं गाडी तापली. दगड लावला, बसलो. तवा इचारलं, तुला गोड आवडतं का तिखट." त्यांनी खाली वळणाकडे बघितलं. "वळन गेलं की ही जागा जाईल."

"जागा नाही जात आजी. फक्त चढ जातो."

"चढच न्हाई तर गाडी तापंल कशाला? आन् तापली न्हाई तर थांबंल कशाला?"

खालून आवाज आला.

"हिरे, काय लावलंय?"

"दगड द्यावा का न्हाई इचार करती, आक्के."

"मी हितं तुझा इचार बघाय आली व्हय?"

"ह्यांचं बोलायचं ठिकान हाय गं ह्ये. सपाट झालं तर कोन थांबंल हितं?"

"थांबाय चढ कशाला लागतूय?" आक्का खालून म्हणाल्या. "मी सकाळधरनं थांबलीच हाय की."

हिराबाईंनी पदरानं दगड पुसला. मग तो उचलून माझ्या हातात ठेवला.

"दिला."

आवाज वगैरे काही झाला नाही. आक्का खालीच होत्या, हिराबाई वरच होत्या, पण मध्ये आता नुसता रस्ता होता. दोघी उठल्या आणि एकमेकींकडे चालत आल्या, गुडघ्यांवर हात ठेवून, न थांबता. मधोमध भेटल्या. आक्कांनी बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं.

"वाळलीस," त्या म्हणाल्या. "धूर तर मोठा काढतीस."

"वलं सरपान हाय."

"चल माझ्याकडं, जेवाय."

"तू आलीयास ना? माझ्याकडं चल."

यावर जे भांडण लागलं ते मिटेना, म्हणून दोघी तिथेच रस्त्यात बसल्या आणि आक्कांनी भाकरी सोडली. मलाही चतकोर मिळाली. तेवढ्यात नाकाडीची पहिली एसटी आली. ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला, मग खाली उतरून बघितलं, मग इंजिन बंद केलं.

"किती वेळ आहे?" त्यानं मला विचारलं.

"सांगता येत नाही."

कंडक्टरनं रस्त्याकडेचा एक धोंडा उचलून चाकामागे लावला. रस्ता सपाट होता, पण गाडी थांबली की ते करायचं असतं. मग त्यानं इंजिनाच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. तेही तापलं नव्हतं. तेव्हापासून एसटी तिथे रोज थांबते, आणि वाडीतली माणसं उतरून काय बोलायचं ते बोलून घेतात.

पाणवळणाचा दगड मी त्याच आठवड्यात औशाला पाठवला. कलशेट्टींचा फोन आला.

"वळण पोचलं. बरोबर बसलं. पण एक हाय. पोरगी दम लागून तिथं थांबती, पाणी पिती, अन् माझ्याशी बोलत बसती."

"काय बोलते?"

"सगळंच की. घरात कधी बोलत नव्हती." मग हळूच म्हणाले, "मला पण एक सायकल बघा म्हणतो मी. जुनी चालंल."

आम्ही सायकली ठेवत नाही, पण बघतो म्हणालो.

फाटकाला सध्या वीट लावली आहे. ती कुठल्या घराची आहे, ते मामाला आधी विचारून घेतलंय.